आत्याच्या खुर्चीमागची वायर

आत्याची काठी.

तांब्याची कांब.

दाराची चौकट.

"लपेल अशी द्या."

सिनेमातल्या खुन्याची पावलं.

मित्रांनो, हे सगळे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. जोडायचं काम माझं. मी एक जुनी स्पीकरची वायर आहे. माझं एक टोक टीव्हीखालच्या अॅम्प्लिफायरला, दुसरं आत्याच्या खुर्चीमागच्या स्पीकरला. मधे भिंत, दार, पुन्हा भिंत.

माझ्याआधी इथे एक बारीक वायर होती. गालिच्याखाली दिसतही नसे बिचारी. पण वाट लांब आणि अंग काडीसारखं. आवाजाचा जोर वाटेतच संपायचा. आत्याला डोळ्यांनी दिसत नाही. सिनेमात मागून कोण आलं, हे तिला मागच्या स्पीकरनेच सांगायचं. तो नुसता पुटपुटायचा. सगळे दचकायचे आणि आत्या विचारायची, "काय झालं रे?" हळूहळू तिने विचारणंच सोडलं. "तुम्ही बघा, मी आत पडते," म्हणून खोलीत जाऊ लागली.

म्हणून तिचा भाऊ तिला घेऊन दुकानात आला, आणि "लपेल अशी द्या" म्हणत पुन्हा बारीकच मागू लागला!

"इतक्या लांब न्यायची तर जाड घ्या, साहेब," दुकानदार म्हणाला.

"जाड दिसते हो भिंतीवर."

"दिसू दे की!" आत्या म्हणाली. "तुम्हाला दिसेल, मला ऐकू येईल. वाटणी बरोबर झाली."

भावाने जाड वायरीचे पैसे मोजले. मी घरी आले.

आणि मी दिसते, मित्रांनो! चौकटीवरून ऐटीत वळसा घेते. आतबाहेर अस्सल तांबं, मुलामा नाही.

पहिल्याच सिनेमात नायिका एकटी बसली होती. मागे पावलं वाजली. सगळ्यांच्या आधी आत्या ओरडली, "अगं बाई, मागे बघ!"

"आत्या, ती ऐकणार आहे का आपलं?" भाची हसली.

"नाहीच ऐकायची. तुझ्या बापावर गेलीय!"

तेव्हापासून सिनेमा सोडून कोणी आत जाऊन पडत नाही.

हल्ली माझ्यावर धूळ असते. एकदा झाडताना माझं टोक सैल झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मागचा आवाज गेला तशी काठी टेकत आत्याच आली, चाचपून स्क्रू आवळून गेली. म्हणून सांगते, पायात आली म्हणून वायरीला लाथाडू नका. दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते आधी बघा.

आत्याची नजर गेली, तेव्हा मी अजून तार न झालेली तांब्याची कांब होते; तिने मला कधी पाहिलंच नाही.