चार वाजून दहा मिनिटं

माझी धाकटी बहीण जाऊन चौदा महिने झाले. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिची मेल येते. मेलमध्ये तीनच शब्द असतात. ‘दादाला फोन करणे.’

हे भुताखेताचं काही नाही, एवढं मला कळतं. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. कॉम्प्युटरमधलं मला फारसं समजत नाही, आणि जे समजलं असं वाटतं त्याचीही खात्री नसते. पण या मेलचं मला ठाऊक आहे, कारण ती सुरू झाली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. बहिणीने स्वतःला आठवण राहावी म्हणून एक छोटी साइट केली होती. मेल जातात की नाही हे बघायला तिने त्यात माझाही पत्ता घातला, आणि तो काढायचा राहून गेला. चार-दहाला आम्हा दोघांनाही मेल यायची आणि चार-बाराला माझा फोन वाजायचा. ‘दादा, हुकूम आलाय, बोल,’ असं म्हणून ती सुरुवात करायची.

आता नुसती मेल येते. मी फोनकडे बघत बसतो. चार-बारा होतात, चार-पंधरा होतात. मग मी चहाचा कप विसळायला उठतो.

गंमत अशी, की त्या साइटवर बहिणीने वेळ कधी घातलीच नव्हती. मग ही वेळ आली कुठून, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक गेलं.

बहिणीने जे साधन तयार केलं त्याचं नाव ‘चौकट’. वेबसाइट बांधणाऱ्यांना दर वेळी पायापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून हाताशी असलेली तयार दारं-खिडक्या, असं ती मला समजावून सांगायची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका शिवणक्लासच्या वरच्या खोलीत तिने ते लिहायला घेतलं. खाली मशीनं सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि पडद्यावरची अक्षरंही हलताहेत असं वाटायचं. चौकट कशी वापरायची याचं पुस्तक लिहायला तिने मला बसवलं. मी अंग चोरलं, तर म्हणाली, ‘तुला यातलं कळत नाही म्हणून तर तूच लिही. तुला समजलं तर कुणालाही समजेल.’

सहाव्या प्रकरणात मी अडलो. चौकटीत कुठलीही नोंद केली की तिला तारीख आणि वेळ लागते. वेळ दिलीच नाही तर काय होतं? बहीण चार हातांवर होती, पण मला विचारायची लाज वाटली. आदल्याच दिवशी तीन प्रश्न विचारून झाले होते. म्हणून मी स्वतःच करून पाहिलं. वेळ न घालता नोंद केली. पडद्यावर उमटलं, चार वाजून दहा मिनिटं. खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. पुन्हा चार वाजून दहा मिनिटं. चार-दहाच का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मशीनमधलं बरंच काही मला विनाकारण वाटायचं, त्यात आणखी एक. मी पुस्तकात लिहून टाकलं की वेळ दिली नाही तर चौकट चार वाजून दहा मिनिटं ही वेळ धरते.

खरं म्हणजे चौकट त्या क्षणाची वेळ घ्यायची. आणि मी होतो असा, की साडेतीनला ग्रंथालयातून निघायचं, तेच चार रस्ते चालायचे, तोच जिना, एक कप चहा, आणि मग खुर्ची. माझ्या पावलांवर घड्याळ लावावं, असं बहीण चिडवायची. दोनदा मी तपासून पाहिलं ते मशीन नव्हतंच. मी मलाच तपासत होतो.

पुस्तक छापून शाळा-कचेऱ्यांत पोचलं. सात आठवड्यांनी पत्रं येऊ लागली, की पुस्तक एक सांगतं आणि चौकट दुसरंच करते. बहिणीने मला बोलावून पत्रं दाखवली. ती आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग पत्रं पुन्हा एकदा चाळली. खाली मशीनं चालू होती. शेवटी म्हणाली, ‘पुस्तकावर तुझं नाव आहे. चौकटीवर कुणाचंच नाही. आपण चौकट बदलू.’

संध्याकाळपर्यंत तिने बदललीसुद्धा. पुस्तक खरं ठरलं.

चौकटीचा एक नियम होता, तिनेच घातलेला. एकदा उभी राहिलेली साइट आपल्यामुळे पडता कामा नये. त्यामुळे चौकटीत नवीन कितीही आलं तरी जुनं काही निघत नसे. चार-दहाही निघाली नाही. साइट्स शेकड्यांच्या हजार झाल्या, हजारांच्या लाखो झाल्या. प्रोग्रॅमर लोकांत ती थट्टा झाली. भेटायचं नक्की नसेल तर ते ‘चार-दहाला भेटू’ म्हणत. एका मोठ्या सभेत बहिणीला कुणीतरी विचारलं की ही अक्कल कुणाची. ती म्हणाली, ‘तेव्हा मला झोप आली असणार.’ सभागृह हसलं. मी तिसऱ्या रांगेत बसून राहिलो.

पुढे ती वेळ मला जिथे तिथे दिसू लागली. हरवलेल्या मांजराची जाहिरात, शेवटचं दिसलं चार-दहाला. घरी आलेलं पार्सल, चार-दहाला. एकदा सहज जन्ममृत्यू कचेरीची साइट उघडली. ज्यांची वेळ कारकुनाने भरली नव्हती ती सगळी माणसं चार वाजून दहा मिनिटांनी गेली होती. पानामागून पान. मी मधूनमधून ती पानं वाचत बसायचो. का, ते सांगता येणार नाही.

मग एक दिवस त्यात बहिणीचं नाव आलं.

चौकट आता तिची मुलगी, माझी भाची सांभाळते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. नववी आवृत्ती काढत होती, आणि आईचा नियम पहिल्यांदाच मोडणार होती. जुन्या खोडी सगळ्या काढून टाकायच्या, पहिली चार-दहा. आवृत्तीबरोबर चौकटीचा इतिहास छापायचा होता आणि भाषा तेवढी मी बघून द्यायची होती. ती वाचत गेली, मी स्वल्पविराम सांगत गेलो. मग ते वाक्य आलं. चौकटीतली सगळ्यात महागात पडलेली चूक खुद्द तिच्या निर्मातीची होती.

इथे ती थांबली. ‘आई सकाळी सहा-वीसला गेली, मामा. मी तिथे होते. दाखल्यावर चार-दहा आहे. स्वतःच्याच चुकीने गाठलं तिला.’

मला दोन भीती वाटल्या, आणि त्यातली मोठी कुठली हे आजही सांगता येत नाही. एक, की आता बोलावं लागणार. दुसरी, की चार-दहा गेली की मेल थांबणार. मी गप्प राहिलो असतो तरी मेल थांबणारच होती, हे कळत होतं. तरी भीती होती. मी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं, सहाव्या प्रकरणापासून तिसऱ्या रांगेपर्यंत सगळं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

तिने लॅपटॉप मिटला.

‘लोकांसमोर आई हसायची,’ ती म्हणाली. ‘घरी आल्यावर नाही हसायची.’

तिने लॅपटॉप बाजूला सारला.

‘हा भाग तूच लिही. तुझ्या हाताने, नाव घालून.’

एका परिच्छेदासाठी मी अकरा कागद फाडले. बाराव्यावर सहा वाक्यं उरली. इतिहासात ती तशीच छापून आली, खाली माझं नाव. काही लोक हसले असतील. एका म्हाताऱ्या प्रोग्रॅमरने मला लिहिलं की तुमच्याच पुस्तकावर शिकलो, आणि थट्टा करताना आम्ही चुकीच्या माणसावर खापर फोडत होतो. ते पत्र मी घडी घालून त्या पुस्तकात ठेवलं आहे. सहाव्या प्रकरणात.

नवी आवृत्ती एका बुधवारी सुरू झाली. दुपारी मी चहा घेऊन बसलो. चार-दहा झाले. काही आलं नाही. चार-बाराला मी सवयीने फोनकडे पाहिलं. खोली इतकी गप्प होती की खिडकीच्या तावदानावर माशी चालतानाही ऐकू येईल असं वाटलं.

चार-वीसला फोन वाजला. भाची होती.

‘मामा, आईची ती आठवणींची साइट नव्या आवृत्तीवर चढवतेय. एका ठिकाणी अडलीय. यात वेळ नाहीये, आणि वेळेशिवाय आता चौकट काही घेत नाही.’ मग तिने विचारलं, ‘किती वाजता लावू? की काढून टाकू?’

माझ्या मनात दुसराच प्रश्न होता, चौदा महिने जुना. विचारायला मी कधी धजलो नव्हतो. कोणाला काही विचारायचं म्हटलं की माझं जे होतं ते तसंच झालं. तरी विचारलं.

‘त्या सकाळी ती काही म्हणाली होती का?’



‘किती वाजले म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहा वाजून गेलेत. म्हणाली, मग दादा झोपलेला असेल, त्याला उठवू नकोस.’ तिने श्वास घेतला. ‘दुपारी करू म्हणाली.’

मी झोपलेलो नव्हतो. सहाला मी उठलेलोच असतो. हे तिला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

‘मामा?’

‘दुपारी,’ मी म्हणालो. ‘चार वाजून दहा मिनिटं. लिहून टाक.’

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. वेळ लिहिली जात होती, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार-दहाला मेल आली. ‘दादाला फोन करणे.’ मी फोन मांडीवर घेतला. चार-बारा झाले. चार-पंधरा झाले. चहा कपात निवत होता, वर साय धरत होती.

कप विसळायला मी उठलो नाही.