साडेपाचपर्यंतचा पाहुणा

ज्या बंदरात वीबेने एकतीस वर्षं टगबोट चालवली, ते बंदर दाखवायला त्याच्या मुलीने, योरीनने, त्याला बोलावलं होतं. पत्र जेमतेम चार ओळींचं. शनिवारी दहाला रॉटरडॅमच्या स्टेशनवर या. बाजार पाहू, मग बोटीची फेरी, मग मनोरा. साडेपाचपर्यंत. आम्ही सहाला जेवतो.

आता ‘आम्ही सहाला जेवतो’ याचा अर्थ ‘तुम्ही त्याआधी निघा’ असा होतो, हे हॉलंडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वीबेलाही तो कळला. पण बारा वर्षांनी मुलीचं पत्र आल्यावर माणूस अर्थ कसला काढतो? तो अक्षर बघत बसतो. वीबेने ते पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर कागद विरला. आपल्याला काय हवंय हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. नातीला बघायचं. फेना तिचं नाव, वय सात, एवढीच माहिती त्याला बहिणीकडून कळली होती. योरीनने कळवलं नव्हतं.

हार्लिंगनहून तो उजाडायच्या गाडीने निघाला, ते काखेत साखरेचा पाव घेऊन. त्याच्या फ्रीसलंड प्रांतात मुलगी झाली की बाळंतिणीकडे हा पाव न्यायचा असतो. न्यायला सात वर्षं उशीर झाला होता खरा, पण पाव आदल्या दिवशीचाच, ताजा होता.

स्टेशनवर योरीनने हात पुढे केला. गाल नाही, हात. वीबेने तो धरला आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

“प्रवास नीट झाला ना तुमचा?”

लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. हे ‘तुमचा’ त्याला काट्यासारखं रुतलं, पण बारा वर्षांपूर्वी रुजत घातलेलंच आज उगवलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

“झाला की,” तो म्हणाला. “हे फेनासाठी. म्हणजे तुझ्यासाठी. म्हणजे मुलगी झाली म्हणून.”

योरीनने पुडक्याचा वास घेतला. तिला कळलं. क्षणभर तिचा चेहरा हलला, मग पुडकं पिशवीत गेलं.

“बाजार आधी करू,” ती म्हणाली.

कमानीखालचा तो मोठा बाजार वीबेने शहर सोडल्यानंतर बांधलेला. वीबे मान वर करून छतावरची भली थोरली फळं बघत राहिला आणि “वा” म्हणत राहिला. छत त्याला फारसं आवडलं नव्हतं. कांदा घातलेला हेरिंग मासा त्याने शेपटीला धरून तोंडात सोडला, तशी योरीन म्हणाली, “अजून तसंच खाता.” एवढ्यावरही गडी खूश. प्रेमाला आचवलेल्या माणसाला शितही पुरतं.

बोटीवर मात्र त्याला राहवेना. कर्ण्यातून ध्वनिमुद्रित बाई चार भाषांत बंदराची माहिती देत होती आणि हा शेजारी पुटपुटत होता, “चूक. साफ चूक. टगबोट ओढते एवढंच हिला माहीत. अगं बाई, निम्मा वेळ ढकलायचं काम असतं!” पुढच्या बाकावरची बेल्जियन बाई वळली. “तुम्हाला फार कळतं वाटतं?” “एकतीस वर्षं कळत होतं,” वीबे म्हणाला, आणि तीनशे मीटरचं जहाज वाऱ्यात कसं वळवायचं ते त्याने तिला तिच्याच पर्स आणि छत्रीने करून दाखवलं. पर्स छत्रीवर आदळली. योरीन हसली. अगदी खळखळून, रीटसारखी. वीबेची बायको रीट असंच डोळे मिटून हसायची.

बोट वळली. धक्क्याला तीन टगबोटी बांधलेल्या होत्या. योरीनचं हसू थांबलं.

“आई गेली त्या आठवड्यात तुमची बोट कुठे होती?”

वीबेला कळलं, की बाजार, मनोरा ही सगळी भरताड होती. आजचं खरं प्रेक्षणीय स्थळ हे होतं, आणि ते दाखवायचं काम त्याचं होतं.

“तुम्ही सांगितलं होतंत,” ती म्हणाली, “बोट बाहेर समुद्रात आहे, उतरता येत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. मला खरं वाटलं. मग पुढच्या वर्षी तुमचा एक सोबती भेटला मला. म्हणाला, तो आठवडा तर माझ्या पाळीचा होता, वीबेने मागून घेतला.”

एक आठवडा बोटीवर, एक आठवडा घरी, अशी त्यांच्या कामाची पाळी असायची. लोक घरी जाण्यासाठी पाळ्या बदलून घेत. वीबेने घरी जावं लागू नये म्हणून बदलून घेतली होती.

‘समुद्रात’ म्हणायला आताही जीभ वळली असती. बारा वर्षं तिला तेवढाच सराव होता. पण तो म्हणाला, “इथे. याच धक्क्याला.”

योरीनने मान वळवली. नदीपलीकडे, घरांच्या वर, हॉस्पिटलची पांढरी इमारत स्वच्छ दिसत होती.

“म्हणजे तुला ती दिसत होती.”

‘तुला’ आलं, पण हे असं आलं.

“हो.”

“आठवडाभर?”

“रोज. तिची खिडकी कुठली तेही मी मोजून काढलं होतं. मला भीती वाटत होती, योरीन. तिचा तो चेहरा... मला बघवत नव्हता.”

“मला बघवत होता?” ती म्हणाली. “मी एकटी होते. ती दर थोड्या वेळाने विचारायची, वीबे आला का? मी म्हणायचे, समुद्रात आहे गं, येतोय.”

कर्ण्यातली बाई आता फ्रेंचमध्ये बोलत होती. वीबे रडला. बेल्जियन बाईने सभ्यपणे पाठ फिरवली. योरीन रडली नाही. तिचं सगळं तेव्हाच रडून झालं होतं.

तरीही ठरल्याप्रमाणे ती त्याला मनोऱ्यावर घेऊन गेली. ठरलेलं पाळायचं, आकाश कोसळलं तरी. हा त्या देशातल्या सगळ्यांचाच स्वभाव. वर वाऱ्यात उभं राहून वीबेने विचारलं, “फेनाला एकदा बघू दे. लांबून चालेल.”

“आज नको,” योरीन म्हणाली. ‘आज नको’ म्हणाली, ‘कधीच नको’ म्हणाली नाही. वीबेने तेवढं गाठीला बांधलं.

आणि मग म्हातारपणाने दगा दिला, किंवा मदत केली म्हणा. पाच वाजता ट्रामच्या थांब्याकडे जाताना त्याला लघवीची घाई झाली. त्या वयात ती सांगून येत नाही. थांब्याजवळच्या मुतारीला कुलूप. वीबे पाय एकमेकांवर घासत उभा. योरीनने त्याच्याकडे पाहिलं, मग डावीकडच्या गल्लीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“आमचं घर इथेच आहे,” ती शेवटी म्हणाली. “पण लगेच निघायचं.”

तिने नवऱ्याला, मार्निक्सला, फोन केला. “बरोबर एक गृहस्थ आहेत,” एवढंच म्हणाली.

दार फेनानेच उघडलं. पुढचे दोन दात नाहीत, आणि कान मात्र रीटचे, जरा बाहेर आलेले. वीबेला घाईसुद्धा विसरायला झाली.

“हे काका पूर्वी टगबोटीवर होते,” योरीन म्हणाली. “संडास तिकडे, डाव्या हाताला.”

काका तर काका, वीबेने मनात म्हटलं. सांगेल हळूहळू.

संडासात, हॉलंडात जिथे सगळ्यांचं असतं तिथेच, भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. सप्टेंबर उघडा होता. फेनाचा वाढदिवस कोणता हे आपल्याला माहीतच नाही, म्हणून तो पानं उलटत गेला. नोव्हेंबरात रीट होती, नावापुढे क्रूस आणि ते वर्ष. ठीक, लोक गेलेल्यांचीही नावं राहू देतात. मे महिन्यात फेना सापडली, चौदा तारखेला. आणि मग त्याच्या स्वतःच्या वाढदिवशी, मार्चच्या नऊ तारखेला, सात वर्षांच्या पोरीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: वीबे आजोबा. पुढे क्रूस. वर्ष रीटचंच. शेजारी तांबड्या खडूने एक फूल काढलेलं, आणि ते चांगलं जमावं म्हणून दोनदा गिरवलेलं.

तो किती वेळ तिथे उभा होता कुणास ठाऊक. बाहेर आला तेव्हा योरीन भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावरूनच दिसत होतं, की कॅलेंडर तिला आत्ता आठवलं होतं. स्वयंपाकघरात मार्निक्स खाली मान घालून बटाटे सोलत होता आणि सोललेलाच पुन्हा सोलत होता.

“काका,” फेना म्हणाली, “माझे आजोबा पण टगबोटीचे कप्तान होते. वीबे आजोबा. ते वारले. तुम्ही ओळखत होता त्यांना?”

मार्निक्सची सुरी थांबली.

“ओळखत होतो,” वीबे म्हणाला.

“कसे होते?”

“बोट चांगली चालवायचा.” तो तिच्या कानांकडे बघत राहिला. “तुझी फार आठवण काढायचा.”

फेनाने कपाळाला आठ्या घातल्या. “पण मी तर तेव्हा झालेच नव्हते!”

“हो की,” वीबे म्हणाला. “खरंच. माझंच चुकलं.”

योरीन त्याच्याबरोबर दाराबाहेर आली. “ती चार वर्षांची असताना विचारायला लागली,” ती भराभरा बोलू लागली, “सगळ्यांना आजोबा आहेत, मला का नाहीत. मला दुसरं काही सुचलं नाही. मी सांगेन तिला. खरंच सांगेन, मला थोडा वेळ दे.”

“काय सांगशील? जिवंत आहे, मग आजी मरताना कुठे होता, हेही सांगावं लागेल.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “राहू दे, पोरी. मेलेल्याला ती फूल काढते. जिवंताचं तिने काय करायचं?”

योरीनने तोंड उघडलं. नाही म्हणेल, असं वीबेला वाटलं. तो थांबला. तिने ओठ मिटले आणि तोंडावर हात धरला. आत बटाट्यांवरचं झाकण थडथडू लागलं, पाणी चुलीवर सांडून चरचरलं, आणि ती पाठ फिरवून आत धावली.

वीबे पायरीवर उभा राहिला. कुणी बोलावील म्हणून नव्हे. पाय उचलत नव्हते म्हणून.

थोड्या वेळाने फेना दाराशी आली.

“काका, दार लावते हं,” ती म्हणाली. “घर गार पडतं.”

“लाव, बाळा,” वीबे म्हणाला.

तिला जड जात होतं, म्हणून त्याने बाहेरून दार ओढून घेतलं.