गाभ्यावरची ओळ

प्यो गिल्सूने केलेलं धनुष्य उकललं, ही बातमी येचॉन गावच्या धनुर्मैदानावर सकाळी पसरली आणि दुपारी ते धनुष्य आपल्या मालकासकट प्योच्या अंगणात हजर झालं.

मालक म्हणजे मेंग पिलजुन, मैदानाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण प्रमुख झाल्यापासून खोकायचासुद्धा भाषण केल्यासारखा. बावीस वर्षांपूर्वी प्योने त्याला दिलेल्या या धनुष्याची खालची भुजा आता फुगली होती, आणि शिंगाची पट्टी आतल्या बांबूपासून सुटली होती.

"गाभा मोडलाय," मेंग म्हणाला.

"माझा गाभा मोडत नाही. पावसाळ्यात कुठे ठेवलं होतंस?"

"मैदानावरच्या उबदार, कोरड्या कपाटात. आणखी कुठे? हे बघ प्यो, माझ्यासमोर उघड. बांबू मोडलेला निघाला, तर मैदानावर नव्याने आलेल्या बारा जणांना कारखान्यातली फायबरची धनुष्यं घेणार. ती कशी, गाडीच्या डिकीत महिनाभर पडली तरी..." मेंग थबकला. "म्हणजे, कुठेही ठेवा, चालतात म्हणे."

"डिकीत?" प्योची बायको बुनसन कोबीला मीठ चोळता चोळता म्हणाली.

"उदाहरण दिलं हो, वहिनी!"

"आणि गाभा धड निघाला तर?" प्योने विचारलं.

"तर बाराच्या बारा तुझ्याकडून."

बारा धनुष्यं म्हणजे दोन हिवाळ्यांचं काम. गेल्या वर्षी प्योकडे तीन जण आले होते, यंदा एकही नाही. अशा वेळी माणसाने लगेच सुरी उचलावी. प्योला मात्र घाम फुटला.

त्याचं कारण असं. तरुणपणी प्योला स्वतःच्या हाताचा भारी गर्व. शिंग चिकटवण्याआधी तो गाभ्यावर शाईने गिऱ्हाइकाबद्दल एक ओळ लिहायचा, मनात येईल ती. माझं धनुष्य उघडतंय कोण, आणि वाचतंय कोण! मेंगच्या गाभ्यावर काय लिहिलं ते त्याला नीट आठवत नव्हतं. पण त्या हिवाळ्यात मेंग भर मेजवानीत प्योच्या धनुष्याला म्हशीचं शेपूट म्हणाला होता, हे पक्कं आठवत होतं. म्हणजे स्तुती नक्कीच नव्हती.

"असं कर, तू उद्या ये," प्यो म्हणाला. "वाफ देताना परका माणूस असला की शिंग तडकतं."

"लाजतं की काय? मी बसलोय इथे." मेंगने मांडी ठोकली.

प्योने धनुष्यावर गुंडाळलेली भूर्जाची साल सोलली. वाफ दिल्यावर शिंग चिकटवणारा माशाचा सरस मऊ झाला आणि शिंग अलगद उचललं गेलं. खाली बांबू. पिवळा, सरळ, एक चीर नाही की एक डाग नाही. प्योचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी त्याने बांबूवर पंजा दाबून धरला.

"धड आहे. बघितलंस? चल, आता चहा घे."

"काय बघितलं? तुझा पंजा? काढ तो."

"अहो, काढा हात," बुनसन म्हणाली. "जिंकलात ना, मग लपवताय काय?" तिने मिठाच्या हातांनी नवऱ्याचं मनगट उचललं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मेंगच्या खांद्यापेक्षा जिभेत जोर जास्त. हे धनुष्य त्याच्या आधी आडवं पडलं, तर मी हा धंदा सोडून चुलीच्या काटक्या विकीन."

प्योने बारा धनुष्यं मनातल्या मनात नदीत सोडून दिली.

मेंगने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग सावकाश उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवले. "मी उभा आहे. आडवं कोण पडलंय?"

"सरस सुटलाय, गाभा नाही! डिकीतल्या दमटपणाने..."

"डिकी कबूल. बारा धनुष्यं तुझी. पण आधी आडवं कोण पडलं?"

"धनुष्य," प्यो पुटपुटला.

"मग काटक्या विक, नाहीतर मला कुंचला दे. याच्याखाली मीही एक ओळ लिहिणार. आणि तू वाचायची नाहीस. मी वाचली होती का बावीस वर्षं?"

प्यो भिंतीकडे तोंड करून बसला. मागे कुंचला बराच वेळ चालला. बुनसनने ओळ वाचली आणि हसता हसता कोबीच्या ढिगावरच बसली. मग तिनेच सरसाचे थरावर थर देऊन अक्षरं झाकली आणि शिंग बसवलं.

"काय लिहिलंय गं?"

"तुमच्याबद्दल आहे," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा फिसकन हसली.

आता उरलं सरस वाळेपर्यंत दोरीने आवळणं, आणि ते प्योच्याच हातचं काम. दोन वेढे सैल सोडले तर पुढच्या पावसाळ्यात शिंग सुटेल, धनुष्य परत येईल, ओळ वाचता येईल. कुणाला कळणारही नाही. प्योने दोरी हातात धरून बराच वेळ विचार केला. मग धनुष्यावर गुडघा रोवला आणि दोरी करकरेपर्यंत ओढली.

"अहो, एवढं आवळताय," बुनसन म्हणाली, "मग वाचायला कधी मिळणार तुम्हाला?"

"नाही मिळणार," प्यो रडकुंडीला येऊन म्हणाला, आणि त्याने आणखी एक वेढा दिला.