पलीकडच्या उतारावरचा वारा

माझे सासरे आयुष्यात एकदाही पकडले गेले नाहीत, आणि त्यामुळेच गावाचं अर्धं जंगल हातचं जायची वेळ आली.

नीट सांगते. गावामागच्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य व्हावा म्हणून आम्ही दावा केला होता. समितीची सचिव मी. सचिव म्हणजे काय, तर बाकीच्यांनी बोलायचं आणि मी लिहायचं. कार्यालयाची अट होती की कित्येक वर्षं तुम्ही हे जंगल वापरत आलात, असं कागदावर दाखवा. आता जंगल वापरायलाच बंदी होती, तर वापरल्याचा कागद देणार कोण? डोकं चाललं ते आमच्या शिंपीणबाईंचं. त्यांच्या आईला मध काढताना पकडलं होतं, तो गुन्ह्याचा कागद त्यांनी ट्रंकेतून काढून आणला.

झालं! गावभर ट्रंका उघडल्या. इतकी वर्षं ज्या कागदांची लाज वाटायची, ते छातीशी धरून लोक माझ्या दारात रांगेत उभे. “आमच्या वडिलांवर चार गुन्हे आहेत,” असं न्हावीदादा इतक्या ऐटीत म्हणाले, की ज्याच्या घराण्यात एकही गुन्हा नव्हता तो बिचारा तोंड लपवून सटकला.

ओढ्याकाठी मध, टेकडीवर जळण, मधल्या रानात कंद. नकाशाचा एकेक तुकडा कोणा ना कोणाच्या गुन्ह्याने पक्का होत गेला. कोरा राहिला तो पलीकडचा उतार, म्हणजे जवळजवळ अर्धं जंगल. ओढ्याचा उगम नेमका तिथे, आणि खाणवाल्यांनी मागितला होता तोही नेमका तोच तुकडा.

तिथे कोण जायचं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हत्यारांचे दांडे बनवतात. गावातल्या प्रत्येक कुऱ्हाडीला आणि कुदळीला दांडा त्यांचाच, आणि तसलं सरळ, चिवट लाकूड त्या उताराशिवाय कुठे होत नाही. लाकूड कुठलं विचारलं की ते म्हणायचे, “बाजारातलं.” बाजारात कोणी विचारलं नाही म्हणून बरं.

“मामंजी, सुनावणीत सांगून टाका ना खरं,” मी गयावया केली.

“मी त्या उतारावर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.”

“अहो, उतार जाईल!”

“आणि नुसतं माझ्या बोलण्यावर मिळणार आहे का? त्यांना कागद पाहिजे. माझा कागद सापडणार असेल, तर तीस वर्षं मी काय झक मारली?” असं म्हणून ते पुन्हा दांडा घासायला लागले. मला असा संताप आला, की त्या दिवशी मी त्यांना चहा बिनसाखरेचा दिला.

कागद असलाच तर गार्डकाकांकडे असणार होता. तेही आमच्याच गावात राहतात. त्या हद्दीत तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. त्यांच्या भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र आहे: पलीकडच्या उतारावर एकही चोरी नाही. मी आठ दिवस त्यांच्याकडे खेटे घातले. दर वेळी ते चौकटीकडे बोट दाखवायचे आणि दार लावून घ्यायचे.

सुनावणी शाळेत झाली. चौकशीला आलेल्या मॅडमनी कार्यालयातली जुनी रजिस्टरं सोबत आणली होती. पलीकडच्या उताराचं नाव निघालं. मॅडम पानं उलटत राहिल्या.

“वाऱ्याने मोडले,” त्या वाचू लागल्या. “वाऱ्याने मोडले. वाऱ्याने मोडले. गार्डसाहेब, तीस वर्षं, महिन्यातून एकदा, एकच झाड?”

“त्या बाजूला वारा असतो, मॅडम,” गार्डकाका म्हणाले.

“मनगटाएवढंच जाड? आणि सरळच? पुढे तुम्हीच लिहिलंय, खुंटाची उंची गुडघ्याएवढी, काप तिरका. वारा कुऱ्हाड घेऊन येतो का हो?”

सगळा वर्ग हसला. गार्डकाकांचे कान लाल झाले. प्रमाणपत्र इतक्या लोकांसमोर भिंतीवरून उतरत होतं, आणि मला एकदम त्यांची दया आली.

“पहिली तीन वर्षं मी मागावर होतो,” ते शेवटी म्हणाले. “झुडपात बसून बसून पाठ धरली. काही सापडेना. चोरी लिहिली, तर वरून म्हणणार चोर आणा. म्हणून वारा लिहिला. मापं मात्र खरी घातली. नोंद ती नोंद.”

“पण चोर कोण?”

गार्डकाकांनी मान खाली घातली. सगळ्यांचे डोळे मामंजींकडे. ते उठले. आता हे पुन्हा ‘बाजारातलं’ म्हणणार, म्हणून मी डोक्याला हात लावला.

“एकूण किती लिहिलीत?” मामंजींनी विचारलं.

मॅडमच्या कारकुनाने यादी पाहिली. “तीनशे एक्केचाळीस.”

“तीनशे अठ्ठेचाळीस!” मामंजी गरजले आणि गार्डकाकांकडे वळले. “सात तुला दिसलीच नाहीत!”

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. सपाट कापलं तर खुंटावर पाणी साचून तो कुजतो, तिरकं कापलं तर पुन्हा फुटतो, हे त्यांनी मॅडमना उतारावर नेऊन, फुटलेले खुंट दाखवून सांगितलं. उरलेले सातही दाखवले. गार्डकाका प्रत्येकापाशी चुकचुकत होते. उतार आम्हाला मिळाला.

हक्क आला तशी जबाबदारी आली. सभेने पहिलाच नियम केला, उतारावर तीन वर्षं तोड बंद. मामंजींनी तर पाठिंब्याला दोन्ही हात वर केले होते.

चौथ्या महिन्यात राखणीची पाळी माझी आणि गार्डकाकांची होती. उतारावर ताजा खुंट दिसला. उंची गुडघ्याएवढी, काप तिरका.

“काल वारा होता,” गार्डकाका आभाळाकडे बघत म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांची नेहमीची जुनी काठी नव्हती. नवी कोरी होती, ओल्या लाकडाचा वास येत होता.

“हिची मूठ कोणी घासली, काका?”

काका खोकायला लागले.

घरी येऊन मी मामंजींसमोर राखणीची वही उघडली. या माणसाने मला लेकीसारखं वागवलंय. एक ओळ लिहायची होती, आणि ती कशी लिहायची हे गार्डकाकांनी तीस वर्षं दाखवून ठेवलं होतं.

“मामंजी, जंगल त्यांचं होतं तेव्हा वारा चालला. आता आपलं आहे,” मी म्हणाले, आणि त्यांचं नि गार्डकाकांचं, दोन्ही नावं लिहिली, एकाखाली एक. सभा त्यांना आठ दिवस वणवा अडवणारा जाळपट्टा साफ करायला लावणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

मामंजींनी वही ओढून घेतली. चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग वही माझ्याकडे सरकवली.

“माप राहिलं,” ते म्हणाले. “नोंद करतेस तर नीट कर.”