ऊन न लागलेल्या रेघा

लंकाबाईने वीस वर्षं पिंपळगावच्या मळ्यांत, मांडवाखाली मान वर करून द्राक्षांच्या घडांची विरळणी केली. पानांतून ऊन थेट डोळ्यांत यायचं. डोळे सदा बारीक, कडेला सुरकुत्यांचं जाळं. लेक तृप्ती मात्र नाशिकच्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. २००४ साली तिला बघायला ओझरचे पाहुणे यायचे ठरले, आणि बाईसाहेबांना आईचा चेहरा खुपायला लागला.

"आठ दिवस मळ्यात जायचं नाही," तिने फर्मान काढलं. रोज अनामिकेने, बोट न ओढता, नुसतं टेकवत ती आईच्या डोळ्यांभोवती क्रीम लावायची.

"सुरकुत्या जात नाहीत गं, पण कातडी मऊ पडते."

"मला बघायला येणार हायेत का?" लंकाबाई म्हणायची, आणि डोळे मिटून गुपचूप बसायची. एवढ्या हळुवारपणे तिच्या चेहऱ्याला कधी कुणी हात लावला नव्हता.

पाहुणे आले. पोहे झाले, मुलगा शेखर पसंतीचं हसला. त्याची आई भागीबाई मात्र लंकाबाईकडेच टक लावून बघत होती. कांद्याच्या खळ्यावर जन्म काढलेली ती बाई, आडपडदा ठाऊक नाही. तिने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"ताई, राग मानू नका. तुमच्या डोळ्यांच्या कडेला हे पांढरं काय हे? कोड तर नाय?"

आईच्या रापलेल्या चेहऱ्यावर, दोन्ही डोळ्यांपासून कानांकडे, बारीक फिकट रेघा होत्या. तृप्तीला वाटलं, क्रीम राहिलंय. तिने ओल्या रुमालाने पुसलं. रेघा तशाच. कोड काही पाप नव्हे, पण त्याच्या नुसत्या संशयाने जमलेली लग्नं मोडलेली तिने पाहिली होती. क्रीमनेच तर घात केला नसेल?

लंकाबाई ओशाळून उठली आणि दारात गेली. समोर ऊन आलं, तसे सवयीने तिचे डोळे बारीक झाले. आणि रेघा गायब!

"आई, थांब! आत बघ." रेघा आल्या. "बाहेर बघ." गेल्या.

तृप्तीने भागीबाईंना हात धरून दारात नेलं. दोघी वाकून बघत राहिल्या. एकेक फिकट रेघ आपापल्या सुरकुतीत शिरत होती, एकही बाहेर उरत नव्हती. वीस वर्षांच्या उन्हाने सगळा चेहरा जाळला, पण मिटलेल्या घड्यांच्या आत त्याला जाता आलं नव्हतं. आठ दिवसांच्या विसाव्याने डोळे सैलावले आणि घड्या उघडल्या. तृप्तीने आपलं मनगट आईच्या डोळ्याकडेच्या फिकट रेघांशी धरलं. तोच गव्हाळ रंग, अगदी तोच. तिच्या अंगावर काटा आला. लग्न होऊन या घरात आलेली तरणी आई त्या घड्यांत जशीच्या तशी होती, आणि तृप्ती हीच आई झाकायला निघाली होती.

भागीबाईने भिंतीवरचा आरसा काढला, उन्हाकडे पाठ केली, डोळे सैल सोडले आणि कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली.

मग आरसा तिने लंकाबाईपुढे धरला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "आपण दोघी ह्या रंगाच्या होतो बघा."