मधलीच्या डिकीत किती मावतं

जाहिरात एजन्सीत त्यांना मात्राबाई म्हणत. छपाईला जाणारा मजकूर तपासायचं त्यांचं काम. काना, मात्रा, वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटलीय असं बावीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यामुळे त्या आधी कानामात्राबाई झाल्या आणि मग बोलणाऱ्यांच्या आळसापायी नुसत्या मात्राबाई. नाव शोभतही होतं, कारण बाई औषधासारख्याच कडू होत्या.

दोष दाखवायला त्या लाल पेन वापरत. मनात आलेला शेरा मात्र पेन्सिलीने समासात लिहून त्याला गोल करत. लाल ते दुरुस्त करायचं, गोलातलं नुसतं वाचायचं, असा रिवाज होता. वाचत कुणीच नसे. घरी त्यांचे यजमान, जे जन्मभर पुस्तकं बांधून आता निवृत्त झाले होते, कधीतरी विचारत, "अगं, कुणी बघतही नाही, मग कुणासाठी लिहितेस ते?"

"माझ्या पोटात राहिलं तर अल्सर होईल म्हणून," बाई म्हणत.

त्या वर्षी एका मोटार कंपनीची तुलना-पुस्तिका आली. एकाच कंपनीच्या पाच गाड्या, प्रत्येकीचे तीन प्रकार, आणि सगळ्यांचा मिळून भलामोठा तक्ता: लांबी, रुंदी, इंजिन, एअरबॅग, टचस्क्रीनचा पडदा केवढा, डिकी केवढी. जे आहे तिथे बरोबरची खूण, जे नाही तिथे आडवी रेघ. गाड्यांची नावं सर्दीच्या गोळ्यांसारखी होती आणि एकीचं नाव दुसरीला दिलं असतं तरी कंपनीलाही कळलं नसतं. बाईंनी आपल्या सोयीने पाचही पोरींचं बारसं केलं: धाकटी, मधली, थोरली, आत्याबाई, आणि सगळ्यात रुंद ती सासूबाई.

हा तक्ता एजन्सीच्या साहेबांचा लाडका. साहेब पन्नाशीचे, पण बूट विशीतल्यांचे घालत. काहीही दाखवलं की "वॉव" म्हणायची सवय, म्हणून पाठीमागे त्यांना वॉवसाहेब म्हणत.

"बाई, हा नुसता तक्ता नाही," ते म्हणाले. "ही पाच स्वप्नं आहेत. शेजारी शेजारी."

"स्वप्नांना जागोजागी आडव्या रेघा आहेत," बाई म्हणाल्या आणि कागद घेऊन आपल्या टेबलाशी गेल्या.

तीन दिवस त्या तक्त्यात बुडाल्या होत्या, आणि जसजशा खाली उतरत गेल्या तसतशी पेन्सिल झिजत गेली. धाकटीच्या स्वस्त प्रकारात मागच्या सीटवर डोकं टेकायला उशी नव्हती, रेघ होती. त्याच्याच खालच्या ओळीत होतं: दारातल्या दिव्यांचे रंग, आठ. बाईंनी गोल केला आणि लिहिलं, 'मान मोडली तर निदान रंगीत उजेडात मोडेल.' थोरलीच्या फोटोखाली ओळ होती, 'प्रत्येक वळणावर तुमच्यातला तुम्ही.' तिथे लिहिलं, 'याचा अर्थ लिहिणाऱ्याला तरी विचारावा.'

मग मधलीची डिकी आली. चारशे लिटर. बाईंचा हात थबकला. मधली त्यांना चांगली ठाऊक होती, कारण धाकट्या दिराने गेल्याच वर्षी ती घेतली होती. भाऊजी समारंभांना ध्वनिक्षेपक भाड्याने देत. कुठली गाडी घ्यावी म्हणून त्यांनी त्या वेळची पुस्तिका महिनाभर उशाशी ठेवली होती, आणि ती तपासलीही बाईंनीच होती. बाईंनी कपाटातून जुनी प्रत काढली. तीनशे बारा. गाडी तीच, लांबी मिलिमीटरपर्यंत तीच. नुसती डिकी फुगलेली.

उत्तर सापडायला वेळ लागला नाही. कंपनीने पाठवलेल्या मूळ कागदांत एका कोपऱ्यात लिहिलं होतं की हा आकडा छतापर्यंतचा आहे. बाकी चौघींचे आकडे मागच्या सीटच्या पाठीशी सामानावर बसतं त्या आडव्या झाकणापर्यंतचे, जिथवर माणूस खरोखर सामान भरतो तिथवरचे. एकटीला टाचा उंच करून उभी केली होती आणि बाकीच्यांना अनवाणी, आणि वर म्हणायचं, बघा कोण उंच!

बाई साहेबांकडे गेल्या.

"एक तर पाचही झाकणापर्यंत मोजा, नाहीतर पाचही छतापर्यंत. तुलना म्हणजे एकच फूटपट्टी."

"बाई, तुम्ही स्पेलिंग बघा."

"आकडा हेही स्पेलिंगच आहे. चुकीचा असला की चुकीचाच वाचला जातो."

"अहो, ती पुस्तिका वाचतं कोण? लोक फोटो बघतात." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आणि छपाईआधीचं शेवटचं वाचन या वेळी नको. उशीर झालाय. आहेत ते कागद पुढे पाठवून टाका नि मोकळ्या व्हा."

बाईंनी परत येऊन मधलीच्या चौकटीशेजारी एवढा मोठा गोल काढला आणि आत लिहिलं, 'ही एकटी छतापर्यंत मोजली, बाकीच्या झाकणापर्यंत. थोडी तरी लाज?' आणि कागद पुढे सारले.

आता झालं असं, की त्या वर्षापासून तपासलेली पानं यंत्रावर टिपून, संगणकावर पानं लावणाऱ्या ऑपरेटरला पाठवायची पद्धत सुरू झाली होती, आणि ते यंत्र सगळंच काळं टिपायचं. लाल पेन काळं, पेन्सिलही काळी. ऑपरेटर चाळिशीचा सज्जन माणूस, पण या कामावर नवा. त्याला गोलांचा रिवाज माहीत नव्हता. त्याने रीतसर साहेबांना विचारलं, "गोलातलंही टाकायचं का?" साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच झटकलं. "बाईंनी लिहिलंय ना? मग डोळे झाकून टाक. मला विचारत बसू नकोस." ऑपरेटरने डोळे झाकून टाकलं. साहेबांनी डोळे झाकून सही केली. छापखान्याने वीस हजार प्रती काढल्या.

पहिला फोन भाऊजींचा आला.

"वहिनी, मी शोरूममध्ये आहे. गाडी सर्व्हिसिंगला आणली होती. इथे नवीन पुस्तक ठेवलंय. त्यात अक्षर तुमचं नाही, पण बोलणं तुमचंच आहे!" आणि त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, "थोडी तरी लाज?"

बाई खुर्चीवर बसल्या. मग, त्यांना स्वतःलाच आवडलं नाही तरी, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. बावीस वर्षं समासात बोलत होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रचार विभागाच्या प्रमुख आल्या. पस्तिशीच्या, शांत, धारदार. साहेब त्यांच्यापुढे ओल्या फडक्यासारखे झाले होते.

"ऑपरेटरची चूक आहे, मॅडम. आजच काढून टाकतो त्याला."

ऑपरेटर दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पाहिला आणि बाईंच्या ओठांवरचं उरलंसुरलं हसू विरलं. आपल्या जिभेची खाज, आणि चटका या गरिबाला.

"त्याने विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "साहेब 'डोळे झाकून टाक' म्हणाले, ते सगळ्या खोलीने ऐकलंय. लिहिलं मी, हुकूम साहेबांचा, सही साहेबांची. त्याचा दोष एवढाच की त्याने सांगितलेलं काम केलं. या ऑफिसात ती सवय नाही, म्हणून उठून दिसतंय."

साहेबांचा चेहरा पडला. प्रमुखबाईंनी मात्र बाईंकडे नव्याने पाहिलं, विकत घ्यायची वस्तू पाहतात तसं.

आठवड्याभरात कारण कळलं. पुस्तिका परत मागवल्या होत्या, पण शोरूमवाले त्या देत नव्हते. गिऱ्हाईक येऊन तीच मागत होतं. लोक गोल वाचत, हसत, आणि हसता हसता गाडीत बसून बघत. प्रमुखबाईंनी बोलावून चहा मागवला.

"बाई, आपण हीच मोहीम करू. 'कडक बाई सांगतात.' प्रत्येक पानावर तुमचे शेरे. तुमचा फोटो, चष्म्यासकट."

शेजारून साहेब म्हणाले, "वॉव."

"मधलीचा आकडा बदलणार का?" बाईंनी विचारलं.

"आकड्याचं नंतर बघू. लोकांना खरेपणा वाटला पाहिजे."

"वाटला पाहिजे! म्हणजे असायची गरज नाही." बाईंनी कप खाली ठेवला. "मॅडम, साहेबांना निदान कळत नव्हतं. तुम्हाला कळतंय, आणि तुम्ही तेच करताय. मला तुमच्यापेक्षा साहेबांचा आदर वाटायला लागला, आणि हे मी त्यांच्याबद्दल कधी बोलेन असं वाटलं नव्हतं."

साहेबांना हे कौतुक की अपमान ते ठरवता येईना. पुढच्या महिन्यापासून शुद्धलेखन संगणकच तपासेल असं एजन्सीने बाईंना कळवलं, आणि बाईंनी टेबल आवरलं. ऑपरेटर त्यांची पिशवी घेऊन खालपर्यंत आला. त्याची नोकरी राहिली होती. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "नवीन पुस्तक मीच लावतोय, बाई. शेरे साहेब लिहितात."

ते पुस्तक बाहेर आलं तेव्हा बाईंनी ते दिराकडून मागवून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. वर 'कडक बाई सांगतात' छापलं होतं, आणि गोल होते. आतला टाइप हस्ताक्षरासारखा होता. 'एवढे कप ठेवायला जागा? चहा सांडायचा कुठे मग!' असे विनोद होते, सगळे लाडिक, एकाचाही दात कुणाला लागणार नाही असे. धाकटीच्या मागच्या सीटला अजून रेघच होती. मधलीची डिकी, चारशे.

"म्हणजे मी आता खोटं विकणारी बाई झाले," त्या म्हणाल्या.

यजमानांनी चष्मा काढून पुसला. फार बोलणारा माणूस नव्हे. "तिच्यात किती मावतं, हे कुणी मोजून पाहिलंय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग त्यांनी पुठ्ठा काढला. पंचवीस, वीस, वीस सेंटीमीटरचा एक खोका म्हणजे बरोबर दहा लिटर. असे तीस केले. दहा सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा म्हणजे एक लिटर. असे शंभर. हयातभर पुस्तकांना कोपरे बसवलेले हात. एक खोका दुसऱ्याहून केसभर वेगळा निघाला नाही. खोक्यांचे तीनशे आणि ठोकळ्यांचे शंभर मिळून चारशे लिटर.

शनिवारी सकाळी भाऊजींच्या टेम्पोतून सगळे शोरूममध्ये गेले. हॉल भरलेला होता. पाचही गाड्या ओळीने उभ्या, मधलीच्या डोक्यावर फलक: चारशे लिटर, आपल्या वर्गात सर्वाधिक.

"आम्हाला डिकी बघायची आहे," बाई विक्रेत्याला म्हणाल्या.

"बघा ना, अवश्य!" त्याने डिकी उघडली. भाऊजींनी पहिला खोका आत ठेवला. मग दुसरा. दहाव्या खोक्याला विक्रेत्याचं हसू आटलं. "हे काय चाललंय?"

"चारशे लिटर भरतोय," भाऊजी म्हणाले. ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्याचा आवाज. मोठा करावा लागत नाही. लोक जमले. एक आजोबा मोजायला लागले, "सतरा, अठरा..." आणि त्यांच्याबरोबर बाकीचे. व्यवस्थापक धावत आला. "गाडीला ओरखडे पडतील!"

"पुठ्ठा आहे," यजमान शांतपणे म्हणाले, "तुमचा पत्रा त्याहून कच्चा असेल तर तसं सांगा."

सव्विसाव्या खोक्यानंतर मोठे बसेनात. मग ठोकळे. यजमान स्वतः वाकून एकेक खाचेत बसवत होते, कसलाही पक्षपात न करता, मधलीला जेवढं देता येईल तेवढं देत. एकोणपन्नासाव्या ठोकळ्याला सामानावरचं आडवं झाकण जेमतेम टेकलं.

"तीनशे नऊ," आजोबांनी जाहीर केलं.

"तीन आमच्या पुठ्ठ्याने खाल्ले असतील," बाई म्हणाल्या. "जुन्या पुस्तकात तीनशे बारा होते, ते बरोबर होते." जमिनीवर चार खोके आणि एक्कावन्न ठोकळे उरले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, "हे कुठे ठेवू? मांडीवर?"

लोक हसले. एका बाईने तिथल्या तिथे आपल्या नवऱ्याला थोरलीकडे वळवलं. व्यवस्थापकाने फलकाकडे एकदा पाहिलं, मग शिडी मागवली.

भाऊजी परत जाताना खूश होते. टेम्पो चालवताना दोनदा म्हणाले, "वहिनी, जिरवली!" उरलेले ठोकळे बाईंच्या पायाशी गडगडत होते.

महिन्याभराने नवी पुस्तिका निघाली. ऑपरेटरने ती स्वतः घरी आणून दिली. मधलीपुढे अजून चारशेच होतं, पण आकड्याला आता एक चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी, मुंगीने पाय पुसावेत एवढ्या अक्षरांत, 'छतापर्यंत.'

बाईंनी भिंग मागून घेतलं आणि वाचलं.

"निदान छापलं तरी," यजमान म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायला अख्खा फलक लागतो यांना. खरं बोलायला एवढी जागा पुरते."