सक्तीची चौकट

"मावशी, तुमच्या फॉर्ममध्ये चूक आहे," सर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "वडिलांचं नाव न लिहिताच पुढचं पान उघडतंय."

"चूक नाही सर. मी मुद्दाम तसं ठेवलंय."

लॅबमधल्या माना वळल्या. विद्यापीठाच्या या वेब अ‍ॅप्लिकेशनच्या वर्गात सगळी मुलं विशीतली. मावशी तेवढ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आलेल्या. इस्पितळात बाळांची नोंद होते त्या खिडकीवर त्या बावीस वर्षं कारकून होत्या. काम संगणकावर जाणार म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, दुसऱ्याने केलेले फॉर्म भरण्यापेक्षा आपणच करायला शिकू. पहिले दोन महिने कोडमधल्या नुसत्या कंसांनी घाम फोडला. एक मिटायचा राहिला की अख्ख्या पानाचा विचका.

"अहो, कोडमध्ये एक शब्द टाकला की चौकट सक्तीची होते," सर म्हणाले. "प्रश्नात तसं मागितलंय. गुण जातील."

"जाऊ देत." मावशींनी खुर्ची सरांकडे वळवली. "खिडकीवर एक पोरगी आली होती सर, जेमतेम वीसची. छातीशी आठ दिवसांचं बाळ. वडिलांच्या नावाची जागा रिकामी. मी म्हटलं, हे भरल्याशिवाय पुढे जात नाही. मागे रांग ओरडत होती. तिने कागदाची घडी केली आणि गेली. नियमात रिकामं चालत होतं, हे मला नंतर कळलं. छापील फॉर्मवरच तेवढं 'सक्तीचं' लिहिलेलं होतं. बाळाच्या लसीला तरी येईल म्हणून वाट बघितली. नाही आली."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी आईचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, वडिलांची चौकट तशीच सोडून बटण दाबलं. पडद्यावर उमटलं : नोंद झाली.

"प्रश्नच मी धड लिहिला नव्हता," सर हळूच म्हणाले. "उद्या बदलतो."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मावशी, मी आडनाव सक्तीचं केलंय. ठेवू की काढू?"

"तुझा फॉर्म भरणार कोण आहे?"

मुलीने आपल्या पडद्याकडे पाहिलं. "तसा विचारच नाही केला."

"मग आधी तो करू." मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिच्या बाकापाशी गेल्या. "सरक जरा."

मुलीने अर्धी जागा करून दिली. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे आपापल्या खुर्च्या उचलून मागे येऊ लागले.